सूट, बूट, पट्टा, दाढी : गोव्याच्या हवेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशात आमचे शिवणकामाचे दुकान वडिलांच्या वेळेपासून आहे. माप घेताना, ट्रायलला आणि आता व्हॉट्सॲपवरही तेच तेच प्रश्न येतात. शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी तर एकच उत्तर चार जणांना द्यावे लागते, म्हणून ती इथे लिहून ठेवतो आहे. शिवणकाम माझे स्वतःचे. बूट, पट्टे, चांदीकाम यांतले जे कळते ते त्या त्या कारागिरांच्या शेजारी बसून कळले. बाहेरचे सल्ले बहुतेक थंड, कोरड्या देशांतले असतात. आपल्याकडे वर्षाला तीनएक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि वस्तू किती चांगली होती हे तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यानंतर कळते. उत्तरे त्या हिशेबाने वाचा.

१. आयुष्यातला पहिला सूट शिवतोय. कोणता रंग घेऊ?

गडद निळा. तो आवडत नसेल तर मध्यम करडा. काळा बहुतेकांच्या मनात असतो, पण आपल्या उन्हात तो निस्तेज दिसतो आणि धूळ, कोंडा लगेच दाखवतो. निळा कोट साखरपुड्याला, मित्राच्या काझाराला (ख्रिस्ती लग्नाला), मुलाखतीला आणि दुःखाच्या प्रसंगालाही चालतो, शिवाय करड्या पँटवर वेगळा घालता येतो. दोन बटणांचा घ्या आणि खालचे बटण कधी लावू नका.

२. लग्न मे महिन्यात आहे. लोकरीचा सूट म्हणजे वेडेपणा नाही का? लिनन किंवा टेरिलिन बरे नाही का?

लोकर म्हटले की स्वेटर डोळ्यांपुढे येतो, तिथेच घोटाळा होतो. उकडणार की नाही हे विणीवर आणि वजनावर ठरते. साधी एकाआड एक वीण, घट्ट पीळ दिलेला धागा आणि मीटरला २३० ते २८० ग्रॅम वजन, असे कापड मागा. दुकानात तीन गोष्टी करून बघा. कापड उजेडाकडे धरा, विणीतून उजेडाचे बारीक ठिपके दिसले पाहिजेत. मुठीत चुरगाळून सोडा, ते आपोआप उलगडले पाहिजे. तोंडाजवळ धरून फुंकर मारा आणि पलीकडे तळहात ठेवा, वारा लागला पाहिजे.

आता ओलाव्याचा हिशेब. प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवेत लोकर आपल्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा धरून ठेवते, लिनन १२, सुती साडेआठ, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पॉलिएस्टरच्या कोटात घाम पाठीवरच थिजतो तो यामुळे. टेरिलिनही पॉलिएस्टरच.

लिनन मला मनापासून आवडते. ते थंड असते, उन्हात देखणे दिसते, पण चुण्या पडतात आणि त्या पडणारच. दिवसाच्या समारंभाला, चर्चच्या आवारातल्या फोटोंना फिकट लिननसारखे काही नाही. कोलवाळच्या वेंडेल रॉड्रिक्स यांनी पांढरे, सैल, हलके कपडे किती रुबाबदार असू शकतात हे जगाला दाखवले. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. रात्रीच्या रिसेप्शनला मात्र हलकी लोकरच शिवा.

अस्तर विसरू नका. वरून उत्तम लोकर आणि आतून पॉलिएस्टरचे पूर्ण अस्तर, म्हणजे पैसे पाण्यात. पाठीला अर्धेच अस्तर ठेवायला सांगा, आणि ते व्हिस्कोसचे किंवा क्युप्रोचे, म्हणजे वनस्पतीच्या तंतूंपासून केलेल्या, ओलावा शोषणाऱ्या कापडाचे.

३. कापडावर “सुपर १५०” लिहिले आहे. जितका आकडा मोठा तितके कापड चांगले ना?

नाही. तो आकडा लोकरीचा तंतू किती बारीक आहे एवढेच सांगतो. सुपर १०० म्हणजे तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), सुपर १२० म्हणजे १७.७५ आणि सुपर १५० म्हणजे १६.२५. बारीक तंतू हाताला रेशमासारखा लागतो, पण लवकर झिजतो आणि दमट हवेत मरगळतो. दुचाकीवर बसून रिसेप्शनला जाणाऱ्या माणसाने १०० ते १२० च्या पुढे जाऊ नये. हा शिक्का निव्वळ लोकरीसाठी असतो. पॉलिएस्टर मिसळलेल्या स्वस्त कापडाच्या काठावर तो दिसला तर दुकानदाराला त्याचा अर्थ विचारा.

४. ड्रायक्लीनिंगनंतर कोटाच्या छातीवर फोड आल्यासारखे दिसतात. कुणाची चूक?

बहुधा कोटाच्या पोटातल्या डिंकाची. कोटाची छाती उभी राहते ती वरचे कापड आणि अस्तर यांच्या मधल्या थरामुळे. जुन्या पद्धतीत हा थर लोकर, सूत आणि घोड्याच्या केसांच्या विणीचा कॅनव्हास असतो, तो हाताच्या सैल टाक्यांनी बसवतात. स्वस्त पद्धतीत चिकट थर इस्त्रीच्या उष्णतेने कापडाला चिकटवतात. त्याला आम्ही फ्युजिंग म्हणतो. दमट हवा, वाफ आणि ड्रायक्लीनिंगचे रसायन यांनी हा चिकटपणा जागोजागी सुटतो आणि कापड फुगते. एकदा सुटले की पुन्हा नीट बसत नाही. इस्त्रीने दाबले तर दोन दिवस बरे दिसते, एवढेच.

घेण्यापूर्वी ओळखायचे असेल तर खालच्या बटणाच्या काजाजवळ वरचे कापड एका हाताच्या चिमटीत धरा आणि आतले दुसऱ्या हाताच्या, मग हलकेच विरुद्ध ओढा. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना जाणवला तर कॅनव्हास. दोनच थर आणि वरचा पुठ्ठ्यासारखा ताठ, तर फ्युजिंग. पूर्ण कॅनव्हास महाग पडतो, कारण त्यात हाताचे काम फार. मी बहुतेकांना अर्धा कॅनव्हास सुचवतो, छाती आणि कॉलरची पाती हातची, खालचा भाग फ्युजिंगचा. फोड दिसतात ते छातीवर, तेवढी जागा वाचली तर कोट वाचला.

५. शिंप्याकडे गेल्यावर नेमके काय सांगायचे? आणि तयार कोटात काय काय बदलता येते?

सर्वांत आधी विचारा, “शिवणीत माया किती ठेवणार?” माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेले जादा कापड. पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच आणि कोटाच्या कुशीत इंचभर माया असेल तर पाच वर्षांनी पोट सुटल्यावरही सूट चालतो. बेतताना कापड वाचवणारा शिंपी गिऱ्हाइकाचे भले करत नाही. दुसरे, कच्च्या टाक्यांवर निदान एक ट्रायल घ्या, आणि त्या दिवशी लग्नात घालायचे बूट आणि शर्ट घालूनच या.

तयार कोटात कंबर आत घेता येते, पँट लहान-मोठी होते, बाहीची लांबीही बदलते. पण बाहीला खरी, उघडणारी काजे असतील तर खालून कापता येत नाही, खांद्याकडून उचलावी लागते आणि ते खर्चिक आहे. कोटाची उंची फार कमी केली तर खिसे जागेवरून खाली गेल्यासारखे दिसतात. खांदा बदलणे म्हणजे अर्धा कोट नव्याने शिवणे. त्यामुळे तयार कोट घालून बघताना आरशात फक्त खांदे बघा. ते बसले तर बाकी आमच्यावर सोडा.

६. पट्ट्यावर “जेन्युईन लेदर” लिहिले होते, तरी सहा महिन्यांत साल निघाली. कसे काय?

त्या शब्दांचा अर्थ एवढाच की त्यात कुठेतरी कातडे आहे. कातड्याचा सगळ्यात वरचा, केसांच्या बाजूचा थर सर्वांत मजबूत असतो. तो न घासता ठेवलेले कातडे उत्तम. खालचे थर सोलून त्यांवर प्लास्टिकचा लेप चढवतात, किंवा कातड्याचा भुगा चिकटवून पत्रे करतात. साल निघते ती त्या लेपाची, आणि आपल्या दमट हवेत ती लवकर निघते. कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

पट्टा वाकवून बघा. खऱ्या वरच्या थरावर बारीक, असमान सुरकुत्या पडतात आणि हात काढला की विरतात. मग कड बघा. जाड रंगाने झाकलेली कड काहीतरी लपवत असते, घासून चकाकी आणलेल्या कडेत एकसंध कातडे दिसते. शिलाईही बघा. हाताची खोगीर-शिलाई एकाच दोऱ्याने, दोन सुयांनी, दोन्ही बाजूंनी होते. एक टाका तुटला तरी बाकीचे जागेवर राहतात. मशीनच्या शिलाईत वरचा दोरा तुटला की ओळ उसवत जाते.

७. बुटांची “गुडइयर वेल्ट” शिलाई गोव्यात खरेच हवी का?

हवी, पण रबरी तळासकट. या पद्धतीत बुटाच्या वरच्या भागाला कडेने कातड्याची पट्टी शिवतात आणि तळ त्या पट्टीला शिवतात. तळ झिजला की पट्टीचे टाके काढून नवा तळ बसतो, वरच्या कातड्याला धक्का लागत नाही. यंत्रावर हे काम आणले चार्ल्स गुडइयर यांच्या मुलाने, १८७१ च्या सुमारास. रबर टिकाऊ करण्याची पद्धत शोधली ती वडिलांनी. ब्लेक शिलाई त्याआधीची, १८५८ च्या पेटंटची. तिच्यात टाका थेट आतल्या तळव्यातून खालच्या तळात जातो. बूट सडपातळ आणि लवचिक होतो, पण त्या भोकांतून पाणी वर चढते. जून ते सप्टेंबर तो घालू नका. निव्वळ चिकटवलेला बूट स्वस्त पडतो, पण तळ गेला की बहुधा सगळा बूट जातो.

चामड्याचा तळ असेलच तर त्यावर पातळ रबर बसवून घ्या. रस्त्याच्या कडेला बसणारे आपले जुने मोची हे काम फार सफाईने करतात. ओल्या फरशीवर घसरण्याची भीतीही जाते.

८. चवथीला कपाट उघडले तर बूट, पट्टा, कोट सगळ्यांवर पांढरी बुरशी. आता काय करू आणि पुढच्या वर्षी काय करू?

यावर सविस्तर लिहितो, कारण गोव्यात चांगल्या वस्तू वापरून कमी आणि ठेवून जास्त खराब होतात.

आधी उपचार. वस्तू घराबाहेर न्या, आत झटकलीत तर बुरशीचे कण साऱ्या घरात पसरतील. कोरड्या मऊ ब्रशने झाडा. कातड्याला पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून फडक्याने हलके पुसा, न दिसणाऱ्या जागी आधी करून बघा. सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस वाळवा. कडक उन्हात कातडे तडकते. पूर्ण वाळल्यावरच क्रीम लावा, कारण ओलसर कातड्यावर क्रीम म्हणजे बुरशीला जेवण. लोकरीचा कोट ब्रश करून ड्रायक्लीनिंगला द्या आणि तिथे बुरशीचे सांगून ठेवा. सुती, लिननचे कपडे धुऊन उन्हात घाला.

आता प्रतिबंध. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि पावसात आपल्याकडे ती आठवडेच्या आठवडे त्याच्या कितीतरी वर असते. सगळ्यात मोठी चूक प्लास्टिकची पिशवी. वडील गेल्यावर त्यांचे बूट मी जपायचे म्हणून प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवले, आणि एका पावसाळ्यात ते हिरवे झाले. आत अडकलेली ओल बाहेर जाऊ शकत नाही. सुती पिशवी वापरा.

कपाट भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटे जागा सोडा. कोट एकमेकांना चिकटून टांगू नका. पूर्वी घरोघरी कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवत. त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहायची. एलईडी दिव्याने ते होत नाही, आणि जुना बल्ब लावलाच तर कपड्यांपासून दूर ठेवा, आगीचा धोका असतो. सिलिका जेलच्या पुड्या रंग बदलल्या की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास वाळवून पुन्हा वापरता येतात. ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या कपाटाच्या तळाशीच ठेवा. त्यांतले पाणी बुटावर सांडले तर कातडे कामातून गेले. कापूर आणि डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीवर त्यांचा भरवसा धरू नका.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वापरणे. दर पंधरा दिवसांनी, पाऊस उघडला की कपाट उघडा, बूट घालून तासभर घरात फिरा, कोट खुर्चीवर पंख्याखाली ठेवा. घामाने ओला झालेला बूट एक दिवस आड वापरा आणि आत लाकडी साचा किंवा चुरगाळलेला कोरा कागद घाला.

९. बूट तीनदाच घातले होते. चार वर्षांनी काझाराला घातले तर हॉलमध्ये तळ बिस्किटासारखे चुरले. नवे बूट असे कसे मोडतात?

पॉलियुरेथेनचा तळ होता. हे प्लास्टिक हवेतल्या पाण्याच्या वाफेने आतून तुटत जाते, घाला किंवा घालू नका. उष्ण, दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. पट्ट्यांची आणि जॅकेटांची साल निघते तीही अशीच. अशा बुटांचे आयुष्य घेतल्या दिवसापासून मोजा. वर्षानुवर्षे ठेवायचे असतील तर खऱ्या रबराचा किंवा चामड्याचा तळ घ्या. समारंभाच्या आठवडाभर आधी बूट घालून पायऱ्या चढून-उतरून बघा. वरचे कातडे चांगले असेल तर टाकू नका, मोच्याला दाखवा, बऱ्याचदा नवा रबरी तळ बसतो.

१०. कुर्त्यावर कोल्हापुरी घालायची आहे. अस्सल कशी ओळखायची, पावसात चालेल का?

पावसात नाही. ती बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याने कमावलेल्या कातड्याची असते. ते पाणी पिते, फुगते आणि आकार सोडते. दसरा ते मे हा तिचा काळ. अस्सल चपलेत खिळा नसतो, कातड्याच्या वाद्यांनी आणि दोऱ्याने शिवलेली असते, आणि पहिले काही दिवस करकरते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत आणि कर्नाटकचे चार. घाट चढून गेलात की बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीला उत्तम चपला होतात. वर्षातून दोनदा बोटभर तेल चोळा, जास्त नको, कातडे लुळे पडते.

११. दमट हवेत दाढी केली की मानेवर पुरळ येतो. ब्लेड बदलू का पद्धत?

दोन्ही. अनेक पात्यांचे ब्लेड केस त्वचेच्या खाली कापते आणि तो वाढताना आतच वळतो. एका पात्याचे सेफ्टी रेझर घेऊन बघा. जिलेट यांना १९०४ मध्ये त्याचे पेटंट मिळाले, पण आमच्या दुकानासमोरच्या सलूनमध्ये आजही तेच तत्त्व चालते, एकच धार आणि हलका हात. अंघोळीनंतर दाढी करा, ब्रशने फेस उठवा, केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेने ओढा. मानेवर ती दिशा कडेला वळलेली असते, आधी बोट फिरवून शोधा. शेवटी थंड पाणी आणि ओली तुरटी. दर पाचव्या-सहाव्या दाढीला पाते बदला. पुरळात पू होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

१२. अत्तर आणि केसांचे तेल कपड्यांवर डाग पाडते. लावायचेच नाही का?

लावा, पण कपडे घालण्याआधी, आणि त्वचेवर. अत्तर मनगटावर आणि कानामागे, तेल आदल्या रात्री. कॉलरचा डाग पडल्या दिवशीच भांड्यांच्या साबणाच्या थेंबाने धुवा. इस्त्री फिरली की तो पक्का झाला. रेशमी टायवर पाणी लावू नका, ड्रायक्लीनिंगला द्या.

१३. टाय बांधली की वळते, पिळल्यासारखी लोंबते.

ती उरेब कापलेली नाही. चांगली टाय कापडाच्या तिरप्या धाग्यावर, ४५ अंशांत कापतात आणि तीन तुकड्यांत जोडतात. ही रीत १९२० च्या दशकात न्यूयॉर्कला रुळली. मागे एक लांब सैल टाका असतो, त्याच्या जोरावर टाय ताणली जाते आणि परत येते. दोन्ही टोके जुळवून हवेत धरा. सरळ लोंबली तर घ्या.

१४. कफलिंक चांगल्या मिळत नाहीत. आपल्या सोनाराकडून करून घेता येतील का?

येतील, आणि तोच मार्ग मला प्रिय आहे. गोव्यात शेटकडे आपण मंगळसूत्र, कुड्या करून घेतो, पण पुरुषांच्या वस्तूंसाठी जात नाही. ९२५ ची चांदी, म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी, मागा. शुद्ध चांदी मऊ असते, दांडी वाकते. साखळीने जोडलेल्या दोन चकत्या हा सर्वांत सोपा आणि देखणा घाट. फिरती कळ करायला अवघड आणि लवकर मोडते. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, हवाबंद डबीत ठेवा.

कुणी विचारतात, जुन्या घरांच्या जनेलांना (खिडक्यांना) लावतात त्या शिंपल्याची बटणे होतील का? नाही. तो शिंपला पातळ, पापुद्र्याचा, भोक पाडताना फुटतो. बटणांचे शिंपले जाड, आतून मोतिया चमक असलेले असतात.

१५. घड्याळावर “३० मीटर” लिहिले आहे. पावसात चालेल ना?

हात धुताना उडालेले पाणी, एवढीच त्याची तयारी. तो आकडा प्रयोगशाळेत स्थिर दाबाखाली मोजलेला असतो. समुद्रात पोहायचे तर २०० मीटर आणि डायव्हिंगचे घड्याळ हवे. वडिलांचे जुने एचएमटी वापरत असाल तर आतले रबर कधीच कडक झालेले असणार, पावसात ते घरीच राहू द्या. चामड्याचा पट्टा पावसाळ्यापुरता काढून नायलॉनचा लावा.

१६. देवळात गाभाऱ्याजवळ चामड्याचा पट्टा चालत नाही. पँट कशी टिकवायची?

पँटला पट्ट्याचे बंदच ठेवू नका. कमरेच्या दोन्ही कुशींना कापडी पट्टी आणि कडी शिवून घ्या, ओढली की कंबर आवळते. नाही तर आतून बटणे लावून गॅलिस, म्हणजे खांद्यावरून पँट धरणारे पट्टे, वापरा. फक्त टोकांना चामडे नसलेले, कापडाचेच मागा. उकाड्यात गॅलिसचा आणखी एक फायदा आहे, कंबर सैल राहते आणि हवा खेळते. पाकीट कापडी असू द्या. पुडवे (धोतर) नेसायचे असेल तर हा प्रश्नच येत नाही.

१७. आजोबांचा पोर्तुगीज काळातला पांढरा कोट सापडला आहे. तो मला बसेल असा करता येईल का?

नक्की आणा, पण आधी धुऊ नका आणि इस्त्रीही करू नका. जुना धागा बाहेरून धड दिसतो आणि पाण्यात विरतो. मी आधी तो उजेडाकडे धरून कसरीची भोके बघतो, मग काखेत आणि मुंढ्यापाशी कापड बोटांनी हलके ताणतो. तिथे फाटले तर तो कोट घालण्याजोगा राहिलेला नाही. तिथे टिकला तर कुशीची शिवण उघडतो. त्या काळचे शिंपी भरपूर माया ठेवत, त्यामुळे दोन इंचांपर्यंत घेर वाढलेला मी पाहिला आहे. जुन्या शिवणीची रेघ मात्र फिकट दिसत राहते, पांढऱ्यावर कमी, रंगीत कापडावर जास्त. खांदे तुमच्यापेक्षा अरुंद असतील तर मी नाही म्हणतो. त्याला कापण्यापेक्षा त्याच्यावरून मापे आणि कॉलरचा घाट घेऊन नवा लिननचा कोट शिवू. उसवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि बटणे काढून एका डबीत घाला. शिंपल्याची निघाली तर नव्या कोटाला तीच लावू.